आमचे डेन्मार्कचे

म्हातारदेवमामा एकदा दीड महिना सायकल हातात धरून चालत होते. वस्तीवरून सोनईच्या बाजाराला यायचं, पिशवी हँडलला अडकवायची, तसंच चालत परत जायचं. चाकांत हवा टम्म, चेनला ताजं तेल. शेवटी न राहवून मी विचारलं, "मामा, झालंय काय सायकलीला?"

"सायकलीला काय न्हाई सर. आमचे डेन्मार्कचे पडले. गळ्याखालचं हाड मोडलंय. ते बसत न्हाईत तवर आपन कसं बसायचं?"

मी उडालोच! जन्मात शेवगावच्या पुढं न गेलेल्या माणसाचं डेन्मार्कात कोण?

मामा आमच्या शाळेतले शिपाई, मी हेडमास्तर. रिटायर झाल्यावर पुतण्यानं त्यांना मोबाईल दिला आणि त्यात त्यांना युरोपातली सायकल शर्यत दिसली. पावणेदोनशे गडी पळतायत, आणि मामांची नजर कुणावर? मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेऊन सदऱ्यात कोंबणाऱ्या एका डेन्मार्कच्या गड्यावर! तो त्या पुढं नेऊन आपल्या संघात वाटायचा. जावयाचं नाव न घेता गाव घेतात, तसं मामांनी त्याला "आमचे डेन्मार्कचे" करून टाकलं. पुतण्याकडून त्याच्या जुन्या शर्यतीसुद्धा शोधून घेतल्या.

"पंधरा वर्सं झाली, येकदाबी पयला न्हाई आला," मामा कौतुकानं सांगायचे.

"मग काय कामाचा?"

"असं कसं सर? त्येंच्या संघाच्या कारभाऱ्याचं चाक फुटलं, तर सवताचं काढून दिलं त्यानी. आन् ह्यो उभा रस्त्यात! पानी पोचलं पायजे, नाव कुनाचंबी होऊ द्या."

गेल्या महिन्यात तर कहरच झाला. स्टँडवर भला मोठा फ्लेक्स. 'सेवापूर्ती सोहळा'. मधोमध डेन्मार्कचा गोरा गडी, डोक्यावर चिकटवलेला भगवा फेटा, आणि खाली अध्यक्ष म्हणून माझं नाव! मी तडक वस्ती गाठली.

"मामा, डोकं ठिकाणावर आहे का? तो येणार आहे का इथं?"

"न्हाई. त्याला ठावबी न्हाई." मामा शांत. "शेवटची शर्यत बघितली म्या. समदे जिंकलेल्याच्या गळ्यात पडले. ह्यानी सायकल गाडीला लावली आन् गुमान निघून गेला. येवढी वर्सं केलं, आन् कुनी नारळबी दिला न्हाई म्हंजे काय?"

सोहळा झाला, मारुतीच्या पारावर. गंमत बघायला पंचवीस-तीस माणसं जमली. खुर्चीवर फोटो, फोटोला हार. मामा सगळ्यांना पाणी देत फिरत होते. मी उभा राहिलो, लवकर उरकायचं म्हणून बोलू लागलो, "या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी नेऊन दिलं. बक्षीस घ्यायला मात्र कधी स्टेजवर..."

आणि माझं लक्ष गेलं. समोर मामा हातात पाण्याचा जग घेऊन उभे होते.

मामा लॉकडाऊनमध्ये रिटायर झाले. एकतीस वर्षांची नोकरी, आणि मी फोनवर म्हणालो होतो, "शाळा उघडली की तुमचा मोठा समारंभ करू." शाळा उघडली. मी विसरलो, अगदी साफ विसरलो. पुढं मी रिटायर झालो तेव्हा माझा समारंभ झाला, शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं. त्या दिवशी पाणी वाटायला वस्तीवरून कोण आलं होतं? मामाच! लाज वाटली हो मला स्वतःची.

फोटोसाठी आणलेली शाल मी उचलली आणि मामांच्या खांद्यावर घातली.

"सर, ती त्यांची हाय," मामा गडबडले.

"त्यांना विचारा, तेही हेच म्हणतील."

मामांनी जग खाली ठेवला. शालीचं टोक बराच वेळ बोटांनी चाचपलं. मग माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाले, "म्हंजे शाळा उघडली म्हनायची, सर."