पहिले अस्वल कोणाचे

सप्टेंबरमध्ये व्हर्नर कॅलिओ शेजाऱ्याला "आधी तू घे" असे म्हणाला, आणि डिसेंबर उजाडला तरी त्या तीन शब्दांचा पश्चात्ताप त्याला पुरत होता.

कॉपर बे कॉलेजचा आइस हॉकी संघ नऊ वर्षे बंद होता. तीन वर्षांपूर्वी तो पुन्हा सुरू झाला. लांबून आलेल्या खेळाडूंना रविवारी तरी घरचे जेवण मिळावे म्हणून गावातले समर्थक मंडळ हंगामाच्या सुरुवातीला हेल्मेटात चिठ्ठ्या टाकते. ज्याच्या हाताला जो लागेल, तो खेळाडू वर्षभर त्या घरचा. रांगेत व्हर्नर पुढे होता आणि शेजारचा आल्डो बर्टुची मागे. आल्डोचा गुडघा दुखत होता, म्हणून व्हर्नर बाजूला झाला. आल्डोने चिठ्ठी उघडली. टॅनर ओल्सेन, संघाचा कर्णधार. मग व्हर्नरने हात घातला. अँसेल पेनर.

"हा कोण?" व्हर्नरने विचारले.

"सस्कॅचवानचा आहे," मंडळाच्या बाई म्हणाल्या. "फार गुणी मुलगा."

खेळाडूची ओळख करून देताना कोणी आधी त्याच्या स्वभावाबद्दल बोलले, की खेळाबद्दल विचारायचे नसते. व्हर्नरने विचारले नाही.

डिसेंबरपर्यंत संघाने चौदा सामन्यांत एकोणीस गोल केले होते. त्यांतले अकरा टॅनरचे होते. अँसेल पूर्ण पोशाख चढवून बाकाच्या टोकाला बसायचा आणि आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी बाकाचे छोटे दार उघडायचा. चौदा सामने मिळून तो बर्फावर एकूण शून्य सेकंद खेळला होता.

"काल तीनदा नाव घेतलं लाउडस्पीकरवर," आल्डो दाराबाहेरचा बर्फ उपसता उपसता सांगायचा. "टॅनर ओल्सेन, टॅनर ओल्सेन, टॅनर ओल्सेन! आमची पेग म्हणाली, अंगावर काटा आला."

"तिसऱ्यांदा शिक्षा झाली म्हणून घेतलं."

"नाव ते नाव."

"आमच्या अँसेलनं काल एकेचाळीस वेळा दार उघडलं. एकाचंही बोट चेमटलं नाही."

"हो का? आता दाराचेही गोल धरतात वाटतं!"

व्हर्नर फावडे आपटून घरात यायचा आणि बायकोसमोर भडकायचा. डोरीन अठ्ठावीस वर्षे शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होती. कोणत्याही स्फोटापासून किती अंतरावर उभे राहावे हे तिला ठाऊक होते.

"आल्डोनं काय केलंय सांग मला," तो म्हणायचा. "चिठ्ठी उचलली. झालं! त्या पोराला स्केटिंग यानं शिकवलं का? आणि छाती बघ, जणू स्वतःच गोल मारून आलाय."

"तू त्याला पुढे सोडलंस."

"गुडघा दुखत होता त्याचा!"

"आता दुखतो का?"

"आता उड्या मारतो."

व्हर्नरची मागणी फार नव्हती. गोल नको, विजय नको. विजयाची सवय गावात कोणालाच नव्हती. प्रशिक्षक तीन वर्षे सांगत होते, की संघाचा पाया घालणे चालू आहे, आणि एवढा खोल पाया गिरणीच्या धुराड्यालाही लागत नाही, असे न्हाव्याच्या दुकानात म्हणत. व्हर्नरला एवढेच हवे होते, की अकराशे माणसांसमोर, आल्डो शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना, लाउडस्पीकरने एकदा म्हणावे: अँसेल पेनर.

पण नाताळच्या सुट्टीआधीच्या रविवारी अँसेल जेवताना खाली मान घालून म्हणाला, "मिस्टर कॅलिओ, मी बहुतेक जानेवारीत परत येणार नाही. कोच म्हणाले, सुट्टीत नीट विचार कर. माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल."

"असं म्हणाले?"

"चांगल्या शब्दांत म्हणाले."

उरला एकच सामना, शनिवारचा. तीच टेडी अस्वलांची रात्र होती. दर वर्षी त्या सामन्याला गाव अस्वले घेऊन येते, आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळी बर्फावर फेकते, आणि ती मग मुलांच्या इस्पितळात जातात. प्रत्येक अस्वलाच्या गळ्यात चिठ्ठी असते. जे अस्वल सर्वांत आधी बर्फावर पडेल, त्याच्या चिठ्ठीवरचे नाव निवेदक मोठ्याने वाचतो. मागल्या वर्षी त्याने "बर्टुची कुटुंब" असे वाचले होते. साप्ताहिकात फोटोही आला होता. आल्डोने तो काच लावून, बाहेरून दिसेल असा खिडकीत ठेवला होता.

सोमवारी व्हर्नरने अस्वल आणले. चिठ्ठीवर त्याने स्वतःचे नाव घातले नाही. ठळक अक्षरांत लिहिले: अँसेल पेनर, क्रमांक २७.

"हे चालतं का?" डोरीनने विचारले.

"नाव कोणाचं असावं, असा नियम नाही. मी विचारून आलो."

मग तयारी सुरू झाली. व्हर्नरने बत्तीस वर्षे रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवला होता. वजन आणि अंतर या गोष्टी तो अंदाजावर सोडत नसे. त्यांची खुर्ची नवव्या रांगेत होती. तिथून मैदानाभोवतीच्या काचेवरून बर्फापर्यंत पोचायला निदान पंधरा मीटर फेक हवी होती. गॅरेजमध्ये अस्वल आठ मीटरवर पडले. त्याने पोटाची शिवण उसवून वाळके वाटाणे भरले. पाव किलोला अकरा मीटर, अर्ध्या किलोला सतरा. पाऊण किलोला खांदा दुखू लागला, म्हणून तो अर्ध्यावर थांबला. वेळेचाही प्रश्न होता. गोल झाला की जाळीमागे लाल दिवा लागतो, पण गोल आधी पंचाच्या माणसाने पाहायचा, मग बटण दाबायचे, मग आपण पाहायचे. आल्डोही दिव्यावरच अवलंबून असणार. आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती गोलात शिरताना आतल्या लोखंडावर आपटून 'टण्' असा आवाज होतो. व्हर्नरने ठरवले, दिव्याकडे बघायचे नाही. कान टवकारायचे.

शनिवारी बाहेर उणे अठरा होते, आणि आत फारसे वेगळे नव्हते. आल्डोच्या मांडीवर लहान मुलाएवढे अस्वल होते.

"तिकीट काढलंस का याचं?" व्हर्नरने विचारले.

"तुझं बारीक दिसतंय. आजारी आहे?"

निवेदकाने दोनदा बजावले, "अस्वले गोल झाल्यावरच फेकावीत. आधी फेकल्यास आपल्याच संघाला दोन मिनिटांची शिक्षा होईल." कोणी फारसे ऐकले नाही. मागच्या तीन घरच्या सामन्यांत गोलच झाला नव्हता, त्यामुळे लोकांना चिंता वेगळीच होती.

दुसऱ्या सत्राअखेर पाहुणे तीन शून्यने पुढे होते. अकराशे माणसे मांडीवर अस्वले घेऊन दवाखान्यात बसावीत तशी बसली होती. तिसऱ्या सत्राच्या सहाव्या मिनिटाला टॅनर चकती घेऊन एकटा सुटला. आल्डो उभा राहिला. व्हर्नरने डोळे मिटले. टॅनरने फटका मारला.

टण्!

व्हर्नरचे अस्वल सुटले. फेक सुरेख होती. काचेवरून गेले, बर्फावर पोटावर पडले आणि फुटले. पहिले अस्वल पाहून दुसरे सुटले, दुसरे पाहून दहा, आणि मग वरून खालपर्यंत सगळे स्टेडियम मोकळे झाले. निळी, गुलाबी, तपकिरी अस्वले टॅनरच्या डोक्यावर बरसत होती आणि तो दोन्ही हात हलवून ओरडत होता, "नाही! नाही! खांबाला लागली!"

लाल दिवा लागला नव्हता.

आल्डो तेवढा अस्वल छातीशी धरून उभा होता. गुडघ्यामुळे त्याला फेकायला उशीर झाला होता. पण मागच्या रांगेतल्या बाईंना वाटले, की म्हाताऱ्याला झेपत नाही, म्हणून त्यांनी प्रेमाने ते त्याच्या हातातून घेतले आणि भिरकावून दिले.

"कोणी फेकलं पहिलं?" आल्डो गरजला.

"आवाज आला ना!"

"आवाज? अरे, गोल डोळ्यांनी बघतात की कानांनी?"

अस्वले तेरा मिनिटांत उचलून झाली. वाटाण्यांना बावीस मिनिटे लागली. ते बर्फाला चिकटले होते आणि दोन माणसे गुडघ्यांवर बसून एकेक खरवडून काढत होती. "ज्या प्रेक्षकांच्या अस्वलात धान्य असेल," निवेदक म्हणाला, "त्यांनी पुढच्या वर्षी कापूस वापरावा." सगळी रांग व्हर्नरकडे वळून पाहू लागली. डोरीन सामन्याच्या पत्रकातला दंतवैद्याची जाहिरात असलेला भाग बारकाईने वाचू लागली.

मग पंचांनी शिक्षा दिली. प्रेक्षकांनी गुन्हा केला, की शिक्षा संघाच्या नावावर लागते, आणि ती भोगायला प्रशिक्षक कोणाही एका खेळाडूला बर्फापलीकडच्या शिक्षेच्या पेटीत बसवू शकतो. चार जणांनी पाच जणांशी लढायचे असताना चांगला माणूस कोण बसवेल? प्रशिक्षकांनी बाकावर नजर फिरवली आणि टोकाशी थांबवली.

लाउडस्पीकर खरखरला. "कॉपर बे, दोन मिनिटे. कारण, प्रेक्षकांनी वस्तू फेकणे. शिक्षा भोगणार, क्रमांक सत्तावीस, अँसेल पेनर."

व्हर्नर ताडकन उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

"खाली बस," आल्डो दात-ओठ खात म्हणाला. "पोराला शिक्षा झालीय."

"नाव ते नाव!"

अँसेल बर्फावरून आडवा जाऊन पेटीत बसला. तेवढेच त्याचे हंगामातले पहिले स्केटिंग. दोन मिनिटे टॅनर आणि बाकीचे तिघे जिवाच्या कराराने लढले. पाहुण्यांनी तेवढ्यात चौथा गोल मारला असता, तर अँसेलला लगेच बाहेर येता आले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांना तो साधला नाही. शेवटच्या सेकंदाला टॅनरने, नुसते संकट टळावे म्हणून, चकती जोरात दूर भिरकावली. त्याच क्षणी पेटीचे दार उघडले. प्रशिक्षक समोरून ओरडत होते, "पेनर, सरळ बाकावर ये!" आणि चकती अँसेलच्या काठीवर येऊन थांबली.

पुढे गोलरक्षकाशिवाय कोणी नव्हते.

अँसेल निघाला. दोन मिनिटे थंडीत बसून त्याचे पाय लाकूड झाले होते. गोलरक्षक फटक्याची वाट पाहत होता, पण अँसेलला फटका मारायला जमलेच नाही. तो अडखळला, पोटावर पडला, आणि चकती त्याच्या काठीवरून निसटून, मध्येच टुणकन उडून, गोलरक्षकाच्या पायांमधून आत गेली. ती राहिलेल्या वाटाण्यावरून उडाली की नाही, याबद्दल गावात अजून दोन मते आहेत.

लाल दिवा लागला.

अकराशे माणसांनी फेकायला हात वर केले आणि हातांत काहीच नाही हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आले. "कृपया," निवेदक घाईने म्हणाला, "कृपया काहीही फेकू नका!" मग लोक हातमोज्यांनीच टाळ्या वाजवू लागले. चारशे गाद्या एकदम झोडपाव्यात तसा तो आवाज होता. लाउडस्पीकरने पुन्हा म्हटले, अँसेल पेनर. संघ सामना पाच एकने हरला. कोणाच्या ते लक्षातही राहिले नाही.

रात्रीच प्रशिक्षकांनी अँसेलला सांगितले, की जानेवारीत वेळेवर ये. व्हर्नर सकाळी गुणगुणत उठला. फोन वाजला तेव्हा तो दाढी करत होता.

"अँसेलचा होता," डोरीन म्हणाली. "आज जेवायला येणार नाही. पेगनं बोलावलंय त्याला."

"कोण पेग?"

"आपल्याकडे पेग एकच आहे, व्हर्नर."

"मंडळाचा नियम आहे! ज्याची चिठ्ठी त्याचा खेळाडू!"

"खेळाडूला आवडेल तिथं जाता येतं. तू विचारून आला नव्हतास."

बाराच्या सुमाराला बेल वाजली. दारात टॅनर उभा होता. डोळे सुजलेले, हातात टोपी. "मिसेस बर्टुची म्हणाल्या, आज टेबलावर जागा नाही," तो म्हणाला. "गावात सगळे मला खांब म्हणून हाक मारतायत. इथं काही मिळेल का?"

डोरीनने त्याला आत ओढले आणि अँसेलसाठी केलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. व्हर्नर थोडा वेळ बसला आणि मग बर्फ उपसायचे निमित्त करून बाहेर गेला. बर्फ पडलेला नव्हता. आल्डोही फावडे घेऊन बाहेरच उभा होता.

"जेवतोय का?" आल्डोने विचारले.

"टॅनर? पाच पेस्ट्या झाल्या." झाल्या होत्या तीन.

आल्डोचा चेहरा पडला. "आमच्याकडे तर दोन घास खाऊन म्हणायचा, पोट भरलं."

व्हर्नरने इथेच थांबायला हवे होते. "आणि आमचा अँसेल?" त्याने विचारले.

आल्डोने फावडे या हातातून त्या हातात घेतले. "लझानिया तीनदा मागून घेतला," तो सावकाश म्हणाला. "आणि पेगला 'आई' म्हणाला."

व्हर्नर आत आला. "डोरीन, अँसेल तुला काय म्हणायचा गं?"

"मिसेस कॅलिओ."

"चार महिने?"

"चार महिने. का?"

"मिस्टर कॅलिओ," टॅनर भरल्या तोंडाने म्हणाला, "अजून एक घेऊ?"

व्हर्नर बर्टुचींच्या बाजूच्या खिडकीपाशी गेला. नोव्हेंबरपासून ती बर्फाने चिकटून बसली होती. त्याने खांदा लावून ती उघडली. उणे अठराचा वारा थेट टेबलावर आला आणि डोरीनने किंचाळून पेस्ट्यांवर झाकण ठेवले.

"घे," व्हर्नर म्हणाला. "हव्या तेवढ्या घे. फक्त तोंडातलं आधी गिळ, मला बाबा म्हण, आणि जरा मोठ्यानं म्हण."