तातूंचा मध्यम

आमचे शेजारी तातू माणसांवर कमी आणि सुरांवर जास्त चिडतात. माझा मोबाइल वाजला की मधल्या दगडी गडग्यापलीकडून आरोळी येते, "बाईनू, तुमच्या फोनाचो गंधार चढो आसा!" मासेवाल्याच्या टेम्पोचा भोंगा, देवळातली पेटी, माझ्या कुकरची शिट्टी, कोणाचीच गय नाही.

गेल्या वर्षी बदली होऊन मी वालावलच्या शाळेत आले आणि यांच्या शेजारी पडले. तातूंनी उमेदीची वर्षं मद्रासच्या बंदरात क्रेन चालवली. रविवारी लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यामुळे इंग्रजी सूर आणि कर्नाटकी राग, दोन्हींत बोलायचा हक्क आपल्यालाच, अशी त्यांची खात्री. त्यात 'शंकराभरणम राग म्हणजे साहेबाचा मेजर स्केल' असं कोणी म्हटलं, की मेलाच.

"सात सूर तेच म्हणान राग एक? नारळ तोच, तिरफळा तीच, मगे तुमची कडी नि माझी कडी एक कशी नाय? आमचो मध्यम, तो 'म', झोपाळ्यासारखो हलता. तुमच्या पेटीची पट्टी हलता?"

हे मला पाठ होतं, तरी घोळ माझ्याच हातून झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी कुडाळहून कीबोर्डच्या क्लासचे सर बोलावले. माझ्या मुली महिनाभर त्यांच्या साथीवर बसवलेलं गाणं घोकत होत्या. गाण्याआधी सरांनी पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या आणि हसून म्हणाले, "याला पाश्चात्त्य लोक मेजर स्केल म्हणतात. दक्षिणेत हाच शंकराभरणम."

"खोटा!" दुसऱ्या रांगेत तातू उभे.

"आजोबा, बसा. मोजून बघा, सातही सूर तेच आहेत."

"मोजूक ते काय बांगडे आसत? शिरा पडो तुझ्या पेटीर!"

नुसते ओरडून थांबले असते तर चाललं असतं. ते स्टेजवर चढले आणि त्यांनी कीबोर्डची वायर उपटली. सर तडक निघून गेले. मुली रडल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत मला झापलं.

रात्रभर धुमसून सकाळी मी तातूंच्या पडवीत गेले. "लाज नाही वाटत? लहान पोरींच्या गाण्यावर पाणी ओतलंत! एवढा कसला माज?"

तातू खाली बघत म्हणाले, "चुकलंय मी. त्या सराचा खरा आसा. सूर तेच."

"काय?"

"चाळीस वर्षां मी ह्याच सांगी होतंय. कामाक्षीक."

कामाक्षी म्हणजे त्यांची बायको. मद्रासची, व्हायोलिन शिकवायची. मी इथे येण्याआधीच ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"मी गिटारीर वाजवून दाखवलंय, की ती खवळलीच. व्हायोलिन घेवन समोर बसली, की मध्यम हलवून दाखवल्याशिवाय उठत नसा. चुलीर भात करपलो तरी भांडाण चालू."

"मग आता तिची बाजू का घेता?"

"माझी बाजू आता कोणाक सांगू? तिची तरी कोणी मांडूक व्हयी ना."

त्याच आठवड्यात ते कुडाळला जाऊन सरांची माफी मागून आले. मुलींचं गाणं शाळेच्या परिपाठात झालं, तातूंच्या गिटारीवर. माझा राग मात्र पुरता गेला नव्हता. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गडग्यापाशी जाऊन म्हटलं, "तातू, मला तर अजून दोन्ही एकच वाटतात."

"थंयच थांबा!" म्हणत ते आत गेले आणि व्हायोलिन घेऊन आले. त्यांना ते धड धरताही येत नाही. मध्यम हलवता हलवता बोटं घसरत होती, तार किंचाळत होती, आणि तातू लालबुंद होऊन मला विचारत होते, "आता पटला? आता?"

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा वाजवा."