बैसाणे गुरुजींचा फळा

सकाळी पावणेअकराला तुम्ही देवपुरातल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या फाटकाशी आला असता, तर पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस दुसरीतल्या पोराच्या तोंडात डोकावताना तुम्हाला दिसला असता. एका हातात खडू, दुसऱ्या हातात पोराची हनुवटी. "आ कर. अजून मोठा. कुठला पडला म्हणालास, वरचा? हां, दिसली जागा." मग तो माणूस वळायचा आणि फाटकाजवळच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहायचा : 'दुसरीतल्या राजूचा वरचा दात काल पडला. नवीन येत आहे.'

हे आमचे बैसाणे गुरुजी. दातांचे डॉक्टर नव्हेत, चौथीचे मास्तर.

इतर शाळांच्या फळ्यावर सुविचार असतो, नाहीतर पेपरातली ठळक बातमी उतरवलेली असते. आमच्या फळ्यावर फक्त शाळेची बातमी. मी एकदा विचारलंसुद्धा, "गुरुजी, देशात एवढं घडतंय, त्यातलं काहीतरी लिहा की." तर म्हणाले, "बाई, दिल्लीची बातमी द्यायला दिल्लीत माणसं आहेत. आपल्या राजूचा दात कोण छापणार?" मी जळगावकडची, आम्ही बोलण्यात सहसा हार जात नाही, पण त्या दिवशी खडूचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

आणि बातमीचा त्यांचा एक नियम होता. तसे ते शुद्ध बोलायचे. पण नियम सांगताना मात्र थेट त्यांच्या गावच्या बोलीत उतरायचे. "डोयानी दखाबिगर बातमी नई." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटणार नाही. मग सांगणारा हेडमास्तर असो की पहिलीतलं पोर.

हा नियम मला पहिल्याच आठवड्यात भोवला. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट असेल, लग्न होऊन मी नुकतीच धुळ्याला आले होते. गुरुजींनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग "काय येतं?" असं विचारलं. मी म्हटलं, शिवण येतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर : 'शाळेत नव्या बाई आल्या आहेत. शिवण येतं असं म्हणतात.' म्हणतात! अख्ख्या देवपुराने ते वाचलं. आमच्या सासूबाईंपर्यंत गेलं. मी तणतणत घरी गेले, रात्री मशीन काढून एक झबलं शिवलं आणि सकाळी गुरुजींच्या टेबलावर आपटलं. त्यांनी ते उलटंपालटं करून, चष्मा वर करून पाहिलं. बातमी सुधारली : 'बाईंना शिवण येतं. टाके बारीक आहेत.' माझा राग कुठल्या कुठे पळाला, लपवू कशाला?

झबलं मी परत मागितलं नाही. ते पुढे चौथीतल्या यूनुसच्या नव्या बहिणीच्या अंगावर दिसलं. कारण बहीण झाली ही बातमीसुद्धा पाहिल्याशिवाय लागत नसे. गुरुजी संध्याकाळी यूनुसच्या घरी गेले, बाळ पाहिलं, झबलं दिलं, दोन कप चहा घेतला आणि यूनुसच्या आजोबांशी तासभर गप्पा मारून आले. कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोणाच्या भावाला एसटीत नोकरी लागली, कोणाच्या घरी नवीन पंखा आला, प्रत्येक बातमीची खात्री करायला गुरुजी त्या घरी जायचेच. पंखा फिरतो का, हे बघायला तरी.

आमचे हेडमास्तर चौधरी सर या फळ्याला टरकून असत. एकदा तिसरीवर बदली तास घेताना ते सतराच्या पाढ्यात अडखळले. बाहेरून गुरुजी चालले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर : 'हेडमास्तरांचा सतराचा पाढा कच्चा आहे. तयारी सुरू आहे.' चौधरी सर लालबुंद. "बैसाणे, हे खोटं आहे!" गुरुजी शांत. "मग म्हणा." सरांनी ऑफिसात उभं राहून पाढा म्हटला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. सतरा सक्के जरा चाचरले, पण पोचले. फळ्यावर लगेच दुरुस्ती लागली, आणि त्या वर्षी तिसरीतल्या एकूण एक पोराला सतराचा पाढा पाठ झाला.

सहामाही संपली, दिवाळीची सुट्टी झाली आणि शाळा पुन्हा भरली की आमच्याकडे खरी मजा सुरू व्हायची. थंडी, संमेलनाच्या तालमी, सहलीच्या गप्पा आणि शाळेचं भरीत. त्या वर्षी गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'बुधवारी शाळेत भरीत. प्रत्येकाने एक वांगं आणावं.' आता आमच्या खानदेशातलं एक वांगं म्हणजे काय चीज असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. दीडशे पोरं, दीडशे वांगी, एकेक तान्ह्या बाळाएवढं. वर पोरांच्या आया आल्या, बापे आले, फाटकावरचे रिक्षावाले आले. कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, तो चौधरी सरांच्या ऑफिसापर्यंत धूर घेऊन गेला. मी मिरच्या कुटता कुटता म्हटलं, "गुरुजी, वांगं असावं तर आमच्या जळगावचं. हिरवं, मऊ, बिया नसलेलं." गुरुजी म्हणाले, "असं म्हणतात." सांगा, माणसाने काय करावं!

पण त्या भरिताच्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. सगळ्यांना वाढत फिरले आणि मधूनच फाटकाकडे बघत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "चौथीत एक पान कमी आहे, बाई. संगीता नाही आली."

संगीता म्हणजे चौथीतली सर्वांत हुशार पोर. पांझरा नदीच्या काठी वस्तीत राहायची. बाप भिका आणि आई दिवाळीनंतर दरवर्षी वीटभट्टीवर कामाला जात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. बाकीची वर्षं संगीता आजीजवळ इथेच थांबायची. आजीला सगळे जिजी म्हणत. पण यंदा जिजीची नजर गेली होती, म्हणून भिका दोघींनाही घेऊन गेला होता. दोंडाईच्याजवळच्या एका भट्टीवर.

"येईल की जूनमध्ये," मी म्हटलं.

"नाही येणार," गुरुजी म्हणाले. "चौथीतून अर्ध्यावर गेलेली पोर मी पाचवीत कधी पाहिलेली नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. पाहिल्याशिवाय मी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "रविवारी येता का माझ्याबरोबर? आईशी बोलायला बाईमाणूस पाहिजे."

रविवार म्हणजे माझा धुणं-निवडणं-टिपणं करायचा वार. नवरा म्हणाला, जा. सासूबाई म्हणाल्या, शिवण येणाऱ्या बाई आता भट्टीवर निघाल्या. मी गेले.

एसटीत गुरुजी खिडकीशी बसले. मी विचारलं, "गुरुजी, एका पोरीसाठी एवढं?" त्यांनी खिडकीची काच सरकवली, ती अर्ध्यातच अडकली.

"मीही असाच चौथीतून गेलो होतो, बाई. आईबाप कापूस वेचायला लांब गेले, मी त्यांच्याबरोबर. दीड वर्षाने परत आलो तेव्हा शेजारचा पोऱ्या म्हणाला, मास्तर तुझं नाव रोज घ्यायचे. दोन महिने घेतलं, कोणी ओ दिली नाही. मग त्यावर लाल रेघ मारली. मी तिकडे कापसात उभा आणि इकडे माझं नाव रोज वर्गात हिंडतंय, हे मला ठाऊकच नव्हतं." ते हसले. "पुढे एका मामाने ओढून पुन्हा शाळेत घातलं, म्हणून आज तुमच्या शेजारी बसलोय. सगळ्यांना कुठे असतो मामा?"

मी हात लांबवून ती अडकलेली काच पूर्ण सरकवली.

भट्टीवर संगीता विटांच्या रांगेत वाकून विटा उलट्या करत होती. आम्हाला पाहून आधी हसली, मग हात फ्रॉकला पुसून लपवले. भिका आणि त्याची बायको धावत आले, आमच्यासाठी बाज टाकली, गुळाचा चहा केला. गुरुजींनी सरळ विषय काढला. "माझ्या घरी दोन खोल्या आहेत. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पुढची खोली जिजीची आणि संगीताची. तुम्ही येईपर्यंत राहतील. भाकरी जिजी सांगेल तशी मी थापीन."

भिका मान खाली घालून बसला. वाईट माणूस नव्हता तो. "गुर्जी, तुमच्यावर भार कसा टाकू? आणि लोक काय म्हणतील?" मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन बरंच समजावलं. ती नुसती रडत होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली जिजी आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "मास्तर, मन्ही नात हुशार शे का खरंच?"

"शे, जिजी," गुरुजी म्हणाले. "बठ्ठा वर्गमा पह्यली शे. मी डोयानी दखेल शे."

सगळ्या वर्गात पहिली! जिजीने ते दोनदा स्वतःशीच पुटपुटलं. भिका इतकंच म्हणाला, "दखू, गुर्जी. उद्यापर्यंत दखू." आता आपल्याकडे 'दखू'चा अर्थ काय होतो ते सांगायला नको. मुलगी बघायला आलेले पाहुणे जाताना म्हणतात तसलं ते 'बघू'. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात संगीताच्या नावावर पाणी सोडलं. खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी मी शाळेत आले तर फाटकाशी ही गर्दी. फळ्यावर लिहिलं होतं : 'चौथीची संगीता आज शाळेत येणार.'

मी हबकले. "गुरुजी! हे पाहिलंत कुठे तुम्ही?"

"नाही पाहिलं."

"मग?"

"पाहायचंय," म्हणाले, आणि खडूची भुकटी झटकत वर्गात गेले.

अकराची घंटा झाली. प्रार्थना झाली. संगीता नाही. सकाळची हजेरी झाली, तिच्या नावापुढची जागा कोरी. मधल्या सुट्टीत सगळी शाळा फाटकावर. यूनुस भिंतीवर चढून एसटी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवून होता, उतरायला तयारच नव्हता. पोरांच्या आया विचारून गेल्या, "आली का हो?" रिक्षावाले दोनदा चक्कर मारून गेले. चौधरी सरांना राहवलं नाही. "बैसाणे, पुसून टाका ते. इतकी वर्षं तुमच्या फळ्यावर खोटं अक्षर लागलं नाही. लोक हसतील." आवाजात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती. गुरुजी म्हणाले, "शाळा सुटेपर्यंत बातमीला मुदत द्या, सर."

मी माझ्या वर्गात बसून पोरांना बेरजा घातल्या आणि स्वतः देवाला विनवत राहिले. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला संगीतापेक्षा गुरुजींचीच जास्त काळजी वाटली. हा माणूस रोज संध्याकाळी कोणाचा पंखा, कोणाचं बाळ, कोणाचं रेडकू बघायला का जातो, हे मला तेव्हा लख्ख कळलं. दोन खोल्या आणि एक कुलूप, एवढंच होतं घरी. आम्ही आपले वर्षभर हसत होतो.

दुपारचा वर्ग भरला. दुसरी हजेरी घ्यायची वेळ झाली. चौथीचा वर्ग माझ्या शेजारीच, मधे नुसता लाकडी पडदा. गुरुजी हजेरी घेईचनात. पेनात शाई भरली, पुन्हा भरली, चष्मा पुसला. अडीच वाजले.

आणि अजून भिंतीवरच बसलेल्या यूनुसची बाहेरून आरोळी आली, "आली! आलीऽऽ!"

रिक्षातून आधी एक गाठोडं उतरलं, मग एक कोंबडी, मग जिजी आणि मग संगीता. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. जिजी हातातली कोंबडी सांभाळत सगळ्या शाळेला ओरडून सांगत होती, "यष्टी पंचर व्हई गयी बापा, नाहीतर कव्हळच येतू!" वाटेत एसटी पंक्चर झाली नसती तर दोघी कधीच पोचल्या असत्या. चौधरी सर स्वतः पुढे झाले, जिजीचा हात धरून तिला ऑफिसात आपल्या खुर्चीवर बसवलं. कोंबडीला टेबलाखाली जागा मिळाली.

संगीता वर्गात आपल्या जागेवर जाऊन बसली. आम्ही सगळे दारात उभे. गुरुजींनी हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत गेले.

"संगीता भिका."

"हजर, गुरुजी."

गुरुजींनी पेन टेकवलं नाही. मान खालीच होती.

"संगीता भिका."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. संगीताला वाटलं, आवाज कमी पडला. ती उठून उभी राहिली. "हजर, गुरुजी."

एवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं. पहिलीतलं पोर मैदानाच्या पलीकडे कुजबुजलं तरी या माणसाला ऐकू जायचं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पण गुरुजींनी तिसऱ्यांदा नाव घेतलं, अगदी हळू, आणि या वेळी मान वर करून तिच्याकडे बघत. आणि संगीताने पूर्ण ताकदीने, खिडक्या हादरतील अशी ओ दिली.

"ऐकलं," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेन टेकवलं, डोळे पुसले आणि पुढचं नाव घेतलं.