बारशाच्या घुगऱ्या आणि कुलथे सर

कॉलेजातल्या लबाडीची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारकडून एक आत्या मिळते. कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात शहाणी तरतूद तीच.

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या हॉस्पिटलात तपासणीच्या दिवशी गावातली धडधाकट माणसं पेशंट म्हणून खाटांवर झोपवत. माझ्या मैत्रिणीने त्याची तक्रार केली. प्राचार्य कुलथे सरांनी लगेच पटावरून तिचं नाव काढून टाकलं. ते इतकं स्वच्छ निघालं, की आम्हा कुणालाच तिला हाक मारता येईना. तिची आईसुद्धा फोनवर नुसतं "अगं" म्हणून थांबली, तेव्हा मला रडूच आलं. नावाशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि चौकशीत साक्षही देता येत नाही. सरांना तेच तर हवं होतं.

आत्या सकाळच्या एसटीने आल्या. हातात स्टीलचा डबा.

"कुठाय माझी भाची? किती वाळलीस गं! मेसमध्ये जेवतेस वाटतं?" मग सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "नाव ठेवायचा मान आत्याचा. बारसं करू. त्यांच्याच केबिनमध्ये."

प्रसूती वॉर्डातून पाळणा आणला. मैत्रीण त्यात मावेना. नियमाप्रमाणे एक पाय आत असला तरी चालतं, हे आत्यांनी शिपायाला शांतपणे समजावलं.

"मी हिला ओळखत नाही. बाहेर व्हा," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आत्यांनी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला, आणि सर बोलता बोलता मूठभर घुगऱ्या खाऊन बसले. आम्ही पाळणा म्हटला. आत्यांनी तिच्या कानात नाव सांगून कुर्रर्र केलं, आम्ही रिवाजाप्रमाणे आत्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात तुम्ही," आत्या सरांना म्हणाल्या. "आता हिला ओळखत नाही म्हणायची सोय राहिली नाही."

सरांनी फोन ठेवला, तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघत राहिले.

"प्रणोती," ते म्हणाले, "केवढी मोठी झालीस गं! एवढीशी होतीस." आणि हॉलतिकिटावर सही केली.

"सर, सोमवारी माझी साक्ष आहे. तुमच्याविरुद्ध."

"माहीत आहे." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरायचं नाही अजिबात. सगळं खरं खरं सांग."