दगडूमामांचा दोरा

दगडूमामा रोग्याची नाडी बघत नसत, दंड बघत. निजामाच्या अमलात जालन्याच्या एका दवाखान्यात ते स्वयंपाकी होते. नवा रोगी आला की हातातला झारा ठेवून यायचे आणि त्याच्या दंडाला काळा दोरा बांधायचे. दोऱ्याखाली एक बोट बसलं पाहिजे. दोन जाऊ लागली की माणूस झिजतोय असं समजून ते डॉक्टरांपुढे उभे राहत आणि त्याच्यासाठी जास्तीचं दूध मंजूर करून आणत. टेंभुर्णीची एक आजी रोज दोऱ्याला हात जोडायची. मामा म्हणायचे, "आजी, देव न्हाई त्यो, माप हाय. जोडायचे तं दुधाला जोडा."

मी तेव्हा अंबडला मास्तर होतो. विषमज्वराने दवाखान्यात पडलो. ताप उतरला, पण अन्नावर वासना नव्हती. मामांची पेज मी खिडकीतल्या मांजराला पाजू लागलो. मांजर बाळसं धरू लागलं आणि माझा दोरा कोपरावर घसरू लागला. आता मामा समोर बसून खायला लावतील, या भीतीने मीच तो सोडून घट्ट बांधला. सकाळी मामांनी बोट घातलं. "बराबर हाय, मास्तर. अंगी लागून राह्यलं." असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी मी मोरीपाशी कोसळलो. डॉक्टर मामांवर भडकले, वॉर्डातले सगळे दोरे कापायला लावले. मामा मान खाली घालून एकेक कापत होते. मी डोळे मिटून पडून राहिलो. पुढे आठ दिवस मामांनीच मला चमच्याने भरवलं. "जल्दी न्हाई, मास्तर. पेज कुठं पळून जाती."

घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दोरे बांधायची पुन्हा परवानगी मिळाली. मग स्वयंपाकघरात जाऊन मामांची माफी मागितली. ते स्वतःचं बोट न्याहाळू लागले.

"म्या म्हनलं, माझं बोटच जाड झालं का काय."

मग चुलीजवळ पाट मांडून म्हणाले, "बसा, माझ्यासंगं जेवा. बरा झालेला मानूस पोटभर जेवताना कसा दिसतो, म्या कंदी बगितलंच न्हाई. समदे टांग्यात बसून घरी जेवाया जातेत."

त्यांनी दोन ताटं वाढली. मी तिसरी भाकरी वरणात कुस्करली, तरी मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांचं ताट तसंच होतं.