तरीही चालवा

कमरोद्दीनच्या पत्राला उत्तर दिलं नाही, ही गोष्ट सोमेश्वररावांना बुटातल्या खड्यासारखी टोचत होती. चालता येत होतं, पण पाऊल टाकलं की आठवण! जालन्याहून पत्र येऊन दोन पावसाळे उलटले. "माझ्या कवितांचं पुस्तक काढतोय, प्रस्तावना तूच लिही," एवढाच मजकूर, आणि सोबत कवितांचा उशीएवढा गठ्ठा.

सोमेश्वररावांचा उभा जन्म परतूरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. प्रस्तावना लिहायला आपण कोण, ही त्यांची एक अडचण. दुसरी अडचण म्हणजे कविता वाईट होत्या. खरं लिहिलं तर लहानपणापासूनची मैत्री जाणार. खोटं लिहिलं तर ते छापून येणार!

आज मात्र निश्चय पक्का होता. शेजारच्या नंदाबाईंच्या नातीची, आकांक्षाची हळद होती. तिकडे निघालेल्या बायकोला त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "आज उत्तर तयार होणार."

"मागल्या दिवाळीतबी हेच म्हणले होते," पदर सारखा करत दैवशालाबाई म्हणाल्या. "झालं की मांडवात या. कोपऱ्यात बसून ऱ्हा, कोणी बोलाया लावणार न्हाई."

उत्तर खरं तर कॉम्प्युटरवर टाइप झालंच होतं, एका बोटानं, आणि अगदी खरंखुरं. आता ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात एकदा ऐकायचं होतं. आपल्या कानाला बोचलं तर कमरोद्दीनलाही बोचणार, मग पुसून टाकायचं. कोणाला वाचायला सांगण्याचं धाडस नव्हतं, म्हणून त्यांनी इंटरनेटवरून लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप उतरवून घेतलं. ते उघडायला गेले, तर पडद्यावर निळी चौकट आडवी आली. "अनोळखी ॲप. तुमच्या सुरक्षेसाठी अडवले आहे." खाली एकच बटण होतं: "चालवू नका."

हा बंदोबस्त पुण्याच्या सुनेचा, अर्पिताचा. मागे कॉम्प्युटरनं जे जे विचारलं त्याला सोमेश्वरराव "हो" म्हणत गेले होते. समोरच्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? परिणामी महिनाभर रामरक्षेच्या पानावर रमीच्या जाहिराती नाचत होत्या.

त्यांनी अर्पिताला फोन लावला.

"बाबा, 'अधिक माहिती'वर दाबा. मग 'तरीही चालवा' असं येईल. पण पूर्ण खात्री असेल तरच हं."

खात्री! सोमेश्वररावांना स्वतःच्या सहीचीसुद्धा खात्री नसे. पण त्या निळ्या चौकटीकडे बघताना त्यांना वाचनालयातलं कुलूपबंद कपाट आठवलं. त्यातली पुस्तकं मागणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी "नियम नाही" म्हणून परत पाठवलं होतं. त्या पोरांना कसं वाटलं असेल, ते आज कळलं. त्यांनी "अधिक माहिती" दाबलं, डोळे मिटले आणि "तरीही चालवा"!

चाललं की! मग ॲप एकेक परवानगी मागायला लागलं. आवाज वापरू का? वापर बाबा. जवळपासची उपकरणं वापरू का? खुशाल. वाचन सुरू असताना कोणी थांबवू नये, अशी सोय करू का? वाचणाऱ्याला मध्येच उठवणं सोमेश्वररावांना जन्मात पटलं नव्हतं. कर, कर.

त्यांनी "वाचा" दाबलं आणि कान टवकारले. काहीच नाही. आवाज वाढवला, तरी नाही. मग त्यांनी तो अगदी शेवटाला नेऊन ठेवला.

तेवढ्यात मांडवातलं गाणं बंद पडलं आणि रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा एक बाईचा आवाज गल्लीभर घुमला. लांबून शब्द नीट लागेनात, पण एक वाक्य मात्र खिडकीतून स्वच्छ आत आलं.

"कविता मी तीन वेळा वाचल्या. पहिल्या दोन वेळा झोप लागली."

सोमेश्वररावांनी टाइप केलेलं पुन्हा पाहिलं. हे वाक्य तर आपलं! आणि बाहेर कोणीतरी ते आधीच म्हणतंय! म्हणजे आपण कुठंतरी वाचलेलं नकळत उचललं की काय? या वयात वाङ्मयचोरी! घाईघाईनं ते कपाटाकडे गेले आणि मूळ वाक्य कोणाचं ते शोधायला पुस्तकं काढू लागले.

चौथं पुस्तक हातात असताना दैवशालाबाई गालांवर हळद घेऊन आत धावत आल्या.

"अहो, तुमचं पत्र मांडवात वाचून राह्यलंय ना ते!"

"माझं? तुझी खात्री आहे?"

"कमरोद्दीनभाईंचं नाव घेतलं की तिनं! बंद करा जल्दी!"

त्यांनी थांबवायचं बटण दाबलं. "मध्ये थांबवू नये अशी तुमची सूचना आहे," कॉम्प्युटरनं पडद्यावर नम्रपणे कळवलं. त्यांनी मीटरजवळचं मेन बटण बंद केलं, पण इन्व्हर्टर इमानदार निघाला. मग, ज्यांना मांडवात कोपऱ्यातसुद्धा बसायची लाज वाटे, ते सोमेश्वरराव एका पायात चप्पल घालून थेट मांडवाच्या मध्यात जाऊन उभे राहिले.

"कलीम, बंद कर रे ते!"

साउंडवाला कलीम हात जोडत म्हणाला, "काका, तुमच्या कॉम्प्युटरनं माझा स्पीकर धरला. मी वायर काढून राह्यल्तो, नंदाआजीनं हात धरला."

"ऐकू द्या की, भाऊजी," हळदीची वाटी घेऊन बसलेल्या नंदाबाई म्हणाल्या. "गाण्यापरीस बरं हाय. जावयावरच्या कविता काढून टाक म्हणली ती, ते बराबर हाय बघा."

पाटावर बसलेली आकांक्षा तोंडावर हात धरून हसत होती. आवाज पुढं वाचत होता.

"पण जिनिंग मिलसमोर रात्रभर उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांवरची कविता मी अजून विसरलो नाही. गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या पापणीवर कापूस उडून बसतो आणि तो झटकत नाही, हे तू पाहिलंस, कमरोद्दीन. मी त्याच रस्त्यानं रोज वाचनालयात गेलो, मला दिसलं नाही. ही एक कविता ठेव. अशा आणखी लिही. बाकीच्यांबद्दल मला माफ कर. वहिनींना नमस्कार."

आकांक्षानं तोंडावरचा हात खाली घेतला. वाटीतलं बोट तसंच ठेवून नंदाबाई म्हणाल्या, "माझा बाप असाच झोपायचा गाडीखाली."

सोमेश्वररावांना जरा हायसं वाटलं. तेवढ्यात कलीम उत्साहानं म्हणाला, "काका, कमरोद्दीनमामूंचं नाव ऐकलं न् मी पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. जालन्याला पाठवलंबी त्यांना."

सोमेश्वरराव मटकन खुर्चीवर बसले. गेली मैत्री! खिशातला फोन वाजला, तेव्हा त्यांनी तो आधी उलटाच कानाला लावला.

"सोमेश्वर," कमरोद्दीनचा आवाज शांत होता. "आवाज बाईचा होता, पर बोलणं तुझंच."

"कमरू, मी ते पाठवणार नव्हतो रे. म्हणजे पाठवणार होतो, पण असं—"

"चूप. पोरगा वाह वाह म्हणला, सून वाह वाह म्हणली, प्रेसवाला तर सगळ्यात मोठ्यांदा. वाचलं एकानंबी न्हाई. तू तीनदा वाचलंस."

"दोनदा झोप लागली."

"तरीबी तिसऱ्यांदा उघडलंस ना? मंग हीच प्रस्तावना. एक अक्षर बदलायचं न्हाई. सही करून कागदावर पाठव. आन् लवकर. या वयात मला परत दोन साल थांबवू नको."

दैवशालाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "पाठवतेत, भाईजान. मी उभी राहून पाठवायला लावते."

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच सोमेश्वरराव दारात हजर होते. पाकीट चिकटवलं होतं, तरी आत सही केली की नाही याची खात्री वाटेना, म्हणून ते उजेडासमोर धरून बघत होते. खिडकीपलीकडच्या राधेश्यामनं पाकीट घेतलं, पत्ता वाचला आणि वर पाहिलं.

"काका, हे तेच का? काल मीबी मांडवातच होतो."

सोमेश्वररावांनी मान खाली घातली. "रजिस्टर करावं म्हणतो. वाटेत हरवलं तर?"

"कशाला उगं खर्चा?" पाकिटावर ठप्प करून शिक्का मारत राधेश्याम म्हणाला. "हरवलं तर या परत. मी तोंडपाठ सांगतो, तुम्ही लिहून घ्या."