हवालदाराच्या छातीवरचा कॅमेरा

दत्ताराम हवालदार शिंकला तरी आधी कॅमेऱ्याला कळवायचा. "वेळ दहा पंधरा. आता शिंक येत हाय. कोणावर राग नाय." मग शिंकायचा.

पेणला आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर, नोकरी रोह्याला. तिथल्या पोलिसांना छातीवर लावायचे कॅमेरे मिळाले त्या दिवशी नारळ फुटला, कॅमेऱ्यांना हळदकुंकू लागलं आणि पाहुण्यांनी पारदर्शकतेवर पाऊण तास भाषण केलं. कॅमेरा सुरू कसा करायचा हे भाषणानंतर सांगायचं होतं. तोवर निम्मे लोक जेवायला पळाले. दत्ताराम थांबला. त्यानं बटण दाबलं आणि तो स्वतःच सुरू झाला. जन्मभर पंचनामे लिहिलेला माणूस. दिसेल ते वेळेसकट बोलून दाखवायचा. "समोर म्हैस. म्हशीला आदरानं बाजूला घेतोय." तो आला की भाजीवाले केस सारखे करत आणि सहकारी चहा अर्धा टाकून उठत.

"मास्तर," तो मला म्हणे, "माणूस खोटं बोलतो. मी पण बोललोय. ह्याला अजून कोणी शिकवलं नाय."

वर्षभरात त्याला सहायक फौजदार म्हणून खांद्यावर चांदणी मिळायची होती. रिकाम्या खांद्यावरून तो उगाच हात फिरवायचा.

दीड दिवसाच्या विसर्जनाला मी बहिणीकडे रोह्याला गेलो होतो. कुंडलिकेच्या घाटावर तोबा गर्दी. एका आळीनं चार घरचे गणपती भाड्याच्या टेम्पोतून आणले होते आणि टेम्पोतच शेवटची आरती चालली होती. मागे वाहनांची रांग लागली. नवा फौजदार ओरडला, "गाडी काढ!" वय अठ्ठाविशीचं, आवाज पन्नाशीचा.

टेम्पोवाल्यानं हात जोडले. "सायेब, आरतीत देव हलवत नाय. दोन मिनटं."

गर्दी ढवळली. मला फौजदाराचा हात वर गेलेला दिसला, मग थपडेचा आवाज आला. टाळ थांबले.

मूर्ती पाण्यात गेल्या, टेम्पो गेला, तसा फौजदार दत्तारामला घेऊन कठड्याशी आला. मी चार हातांवर होतो.

"कॅमेरा चालू होता?"

"व्हय, साहेब."

"गर्दीत नदीत पडला म्हणून लिहा. आणि आत्ताच टाका."

दत्तारामचा हात रिकाम्या खांद्यावर गेला.

"चांदणी पाहिजे ना, हवालदार? शेरा माझ्याकडूनच वर जातो."

दत्तारामनं कॅमेरा छातीवरून काढला. त्यानं तो तोंडाजवळ धरला.

"वेळ सहा बारा. फौजदार साहेब कॅमेरा नदीत टाकायला सांगतायत. मी टाकत नाय."

फौजदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार; मी पाहिला नाही, माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. तो हात मूठ वळून खालीच राहिला. मग फौजदार वळला आणि गर्दीत शिरला.

ठाण्यात कॅमेरा त्याच्या खणात बसवला की चित्रण आपोआप जिल्ह्याला जातं. मग कोणालाही पुसता येत नाही. ड्युटी संपल्यावर दत्तारामनं तो बसवला आणि चित्रण पोचल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत जागचा हलला नाही.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "शाबास, हवालदार. फौजदार अडकला."

"मी पण अडकलो. त्यात पहिली थप्पड माझी हाय. साहेबांची दुसरी. गर्दीत तुम्हाला दिसली नाय."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"तेवढं कॅमेऱ्याला तोंडानं बोललो नाय मी," तो म्हणाला. "हात सवयीनं गेला. मग बघतो तर केबिनमध्ये टेम्पोवाल्याची पोरगी. सहा-सात वर्षांची, खिरापतीची वाटी धरून. रडली नाय. बापाकडं बघत पण नव्हती. माझ्याकडं बघत होती."

कासू स्टेशन आलं तसा तो उठला.

"अहो, पेण यायचंय अजून."

"टेम्पोवाला इथला हाय. पत्ता घेतलाय."

"तक्रार करू नको म्हणून सांगायला?" माझा स्वभाव संशयी.

"कर म्हणून सांगायला. माझं पण नाव घाल म्हणून." त्यानं टोपी काढून पिशवीत ठेवली. "पोरगी झोपायच्या आत पोचलं पायजे, मास्तर. तिच्यासमोर बोलायचं हाय."